विरार लोकलनंतरचं स्ट्रोगनॉफ

बीफ स्ट्रोगनॉफ म्हटलं की लोकांना पांढऱ्या टेबलक्लॉथचं हॉटेल आठवतं आणि पाठोपाठ बिलाचा आकडा. प्रत्यक्षात हे अर्ध्या तासात होणारं, एका कढईतलं कालवण आहे. त्याला वाटण लागत नाही, नारळ खवावा लागत नाही, तेल सुटेपर्यंत मसाला परतत उभं राहावं लागत नाही. विरारच्या मनवेलपाड्यात राहून चर्चगेटला नोकरी करणाऱ्या बाईला एवढी शिफारस पुरे व्हावी. पण लेडीज डब्यात मी जिला जिला हे सांगितलं तिनं "ते साहेब लोकांचं जेवण गं" म्हणून उडवून लावलं. तेव्हा जरा सविस्तरच सांगते.

आमचा हिशेब साधा आहे. चर्चगेट ते विरार साठ किलोमीटर. साडेसहाच्या सुमाराची फास्ट मिळाली तर आठच्या आसपास विरार. पूर्वेला उतरायचं, पुलावरच्या गर्दीतून निघायचं, शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं आणि मनवेलपाडा रोडवर रिक्षा अडकणार हे धरूनच चालायचं. घरात पाय ठेवते तेव्हा सव्वाआठ वाजून गेलेले असतात. सासूबाईंची रात्रीची गोळी जेवणानंतरची, तीही वेळेवर. मुलगा क्लासहून येऊन फ्रीजचं दार उघडं टाकून आत बघत उभा. त्यातून नळाचं पाणी एक दिवसाआड, त्यामुळं भांडी जितकी कमी निघतील तितकं बरं. अशा घरात बुधवारी रात्री काय शिजवायचं हा प्रश्न असतो. डाळभात, अंड्याची पोळी, बोंबील हे तर आहेच. पण आठवड्यात एखाद्या दिवशी तरी जेवणाच्या ताटाकडं बघून घरातल्यांनी मान वर करावी असं वाटतंच की.

माझं माहेर विरारच्या पश्चिमेला, नंदाखालच्या बाजूचं. आम्ही ख्रिस्ती. आमच्याकडं मांस म्हणजे सावकाश शिजवायची गोष्ट. आईचं इंद्याल आदल्या दिवशी व्हिनेगर लावून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी मंद आचेवर शिजायचं आणि तिच्या मते तिसऱ्या दिवशी खायच्या लायकीचं व्हायचं. मांस पंचवीस मिनिटांत ताटात येऊ शकतं हे मला मावसभावानं दाखवलं. आम्ही त्याला दादा म्हणतो. तो दादरच्या कॅटरिंग कॉलेजात शिकला. १९५४ साली सुरू झालेली ती देशातली पहिली अशी संस्था. थंगम फिलिप यांनी ती वर्षानुवर्षं सांभाळली आणि त्यांचं पाककलेचं पाठ्यपुस्तक हॉटेलात जाणाऱ्या कित्येक पिढ्यांनी वापरलं. तिथून दादा वसईतल्या बऱ्याच पोरांसारखा बोटीवर गेला. सुट्टीवर आला की आईच्या स्वयंपाकघरात शिरायचा. त्याचं एक वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलंय : "ह्यात मटण शिजवायचं नसतं. भाजायचं, बाजूला काढायचं आणि शेवटी घालायचं." आईला ते पटलं नाही. अजून पटत नाही.

आता आधी बीफचं बोलून घेऊ, त्याशिवाय पुढं जाता येत नाही. महाराष्ट्रात बीफ म्हणजे म्हशीचं मांस. गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानं बंदी होतीच. १९९५ साली विधिमंडळानं वळू आणि बैलही त्यात घातले, पण त्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली ती २०१५ साली. मुंबई उच्च न्यायालयानं मे २०१६ मध्ये ती बंदी कायम ठेवली. म्हैस त्या बंदीत नाही. ज्यांच्या घरात हेही चालत नाही त्यांनी पान उलटू नये; चिकनचं आणि मशरूमचं पुढं येतंय.

या कायद्याचा स्वयंपाकाशी थेट संबंध आहे, आणि तो कुठल्याही पाककृतीच्या पुस्तकात सापडत नाही. म्हैस कापायची तर तसं लेखी प्रमाणपत्र लागतं. दुधाला, कामाला किंवा पैदाशीला उपयोगी असलेल्या जनावराला ते मिळत नाही. म्हणजे खाटकाकडं येतं ते बहुतेक वय झालेलं जनावर. त्याचं मांस गडद लाल, चरबी कमी, धागा जाड. अमेरिकेच्या पुस्तकातली कृती तरुण, चरबीदार बैलासाठी लिहिलेली असते. ती जशीच्या तशी आपल्या मांडीच्या मांसावर चालवली की चपलेचा तळ चावल्यासारखं होतं आणि मग माणूस म्हणतो, आपल्याला हे इंग्रजी प्रकार जमत नाहीत. जमतात. मांसाचा तुकडा कुठला घ्यायचा एवढंच कळायला हवं.

तो तुकडा म्हणजे अंडरकट. मुंबईतल्या आणि वसईतल्या ख्रिस्ती घरांत हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे, आणि खाटकालाही हाच कळतो. पाठीच्या कण्याच्या आतल्या बाजूनं जाणारा हा लांबट स्नायू. जनावर चालतं, ओझं ओढतं, मान हलवतं, त्यातल्या कशातच याला फारसं काम नसतं. त्यामुळं म्हातारं जनावर असलं तरी अंडरकट मऊच. एका जनावरात असे दोनच निघतात, म्हणून ते चटकन संपतं. हॉटेलवाले आधीच सांगून ठेवतात. मी नालासोपाऱ्याला उतरून घेते. तिथले भाई एकदा समजावून म्हणाले, "ताई, शनिवार को फोन करके रखो, संडे को आठ के पहले आओ. बाद में अंडरकट मत पूछो." तेव्हापासून शनिवारी फोन ठरलेला. भाव म्हशीच्या इतर मांसापेक्षा जास्त, पण बोकडाच्या मटणापेक्षा पुष्कळ कमी.

स्ट्रोगनॉफ खरं म्हणजे रविवारीच निम्मं होतं. अंडरकट घरी आणलं की त्यावरची पांढरी चकचकीत झिल्ली सुरीचं टोक घालून सोलून काढायची. ती शिजत नाही, आकसते आणि तुकडा वाकडा करते. मग तो अख्खा तुकडा फ्रीजरमध्ये ठेवायचा, तीन-चार तास नव्हे, पाऊणच तास. बाहेरून घट्ट झाला की सुरी नीट चालते. मांसाचे धागे कुठल्या दिशेनं जातात ते बोटानं बघायचं आणि त्यांच्या आडवं कापायचं : अर्धा सेंटीमीटर जाड, पाच-सहा सेंटीमीटर लांब. आडवं कापलं की धागे आखूड होतात, दातांना तेवढं काम कमी. चारशे-चारशे ग्रॅमची पाकिटं करायची, पण गोळा करून नाही, पसरून चपटी. चपटं पाकीट सकाळी निघताना फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात टाकलं की रात्रीपर्यंत सुटं झालेलं असतं. सोललेली झिल्ली आणि कडेचे तुकडे टाकून देऊ नका. चार मिरी, एक तमालपत्र आणि दोन पेले पाणी घालून कुकरला लावा. ते पाणी गाळून बाटलीत भरलं की बुधवारचा स्टॉक तयार.

अंडरकट नाहीच मिळालं तर? तेव्हा खायचा सोडा. अर्धा किलो पातळ कापांना अर्धा छोटा चमचा सोडा दोन चमचे पाण्यात कालवून चोळायचा, वीस मिनिटं ठेवायचं, मग भरपूर पाण्यानं धुऊन कोरडं करायचं. चायनीज गाड्यांवरचं चिकन इतकं लुसलुशीत का असतं याचं उत्तर बहुतेक हेच. सोडा मांसाचा पृष्ठभाग अल्कधर्मी करतो, त्यामुळं तापल्यावर प्रथिनं एकमेकांना घट्ट आवळत नाहीत आणि पाणी आत राहतं. कच्ची पपई लावणारेही आहेत. पपई बोकडाला ठीक, पण इतक्या पातळ कापांना ती जरा जास्त वेळ राहिली की पिठूळ होतात. मला ते आवडत नाही.

हे सगळं ज्याच्या नावानं चाललंय तो स्त्रोगानोव्ह कोण? रशियातलं एक अफाट श्रीमंत घराणं. मिठाच्या व्यापारावर मोठं झालेलं, उरल पर्वताच्या बाजूला जमिनींचं मालक. सोळाव्या शतकात येर्माक नावाच्या कोसॅकाची सैबेरियावरची स्वारी यांच्याच पैशानं निघाली. सेंट पीटर्सबर्गला नेव्हस्की रस्त्यावर त्यांचा गुलाबी राजवाडा आजही उभा आहे. मात्र त्यांच्यातल्या नेमक्या कुणाच्या पानावर हा पदार्थ पहिल्यांदा वाढला गेला, यावर दंतकथाच जास्त. एक कथा म्हणते, म्हाताऱ्या काउंटचे दात पडले म्हणून खानसाम्यानं मांसाचे बारीक काप केले. दुसरी म्हणते, ओडेसाचा काउंट दारात आलेल्या कुणालाही जेवू घालायचा, तेव्हा वाढायला सोपं म्हणून. तिसऱ्या कथेत शार्ल ब्रिएर नावाचा फ्रेंच खानसामा आहे. त्यानं म्हणे १८९१ साली एका स्पर्धेत ही कृती पाठवली. पण येलेना मोलोखोवेत्स या बाईंच्या गृहिणींसाठीच्या पुस्तकात १८७१ च्या आवृत्तीतच स्त्रोगानोव्ह पद्धतीचं बीफ, मोहरीसह, छापून आलेलं आहे. वीस वर्षं आधी. तेव्हा ब्रिएर साहेबांचा दावा तिथंच निकालात निघतो.

मोलोखोवेत्स बाईंची कृती वाचली तर आजचं स्ट्रोगनॉफ ओळखू येणार नाही. मांसाचे काप नाहीत, चौकोनी तुकडे आहेत. कांदा नाही, मशरूम नाही. पीठ लावून परतलेलं मांस, स्टॉक, तयार मोहरी आणि शेवटी थोडंसं स्मेताना, म्हणजे आंबट साय. बस. १९१२ च्या एका रशियन पाकपुस्तकात कांदा आणि टोमॅटो येतात, वर तळलेल्या बटाट्याच्या काड्या येतात. पुढं क्रांती झाली, पळून गेलेले रशियन लोक हार्बिन, शांघाय, पॅरिसला पोहोचले आणि स्ट्रोगनॉफ त्यांच्याबरोबर गेलं. चीनमध्ये ते भातावर बसलं, जपानी लोक आजही भाताबरोबरच खातात. अमेरिकेत १९५० च्या दशकात नूडल्सवर पडलं आणि मशरूम सूपच्या डब्यातून होऊ लागलं. ब्राझीलमध्ये तर ते घरोघरचं जेवण आहे : पुष्कळदा चिकनचं, क्रीम आणि केचप घातलेलं, भातावर वाढलेलं आणि वर बटाट्याच्या कुरकुरीत काड्या. एवढ्या लोकांनी आपापल्या सोयीनं फिरवलेल्या पदार्थाला मनवेलपाड्यानं थोडा हात लावला तर काउंटसाहेबांची हरकत नसावी.

आमचा पहिला हात मोहरीला. दुकानातली साधी मस्टर्ड गोडसर असते, फ्रेंच मिळते ती महाग. दोन्हींची गरज नाही. रशियन मोहरीचं प्रसिद्ध गाव सारेप्ता. १७६५ साली जर्मन वसाहतकऱ्यांनी व्होल्गाकाठी वसवलेलं, आता व्होल्गोग्राड शहरात गेलेलं. तिथं जी मोहरी पिकते ती ब्रासिका जुन्सिया, म्हणजे आपल्या फोडणीच्या डब्यातल्या राईचीच जात. मोलोखोवेत्स बाईंना हवा होता तो ठसका आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहे. लोणच्याला, रायत्याला आपण मोहरी फेसतोच की! दोन चमचे राई तासभर भिजवायची, थोड्या थंड पाण्यात मिक्सरमधून काढायची, आणि लगेच काही न घालता दहा मिनिटं तशीच ठेवायची. हा थांबायचा भाग महत्त्वाचा. मोहरीचा तिखटपणा दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की आतलं एक विकर कामाला लागतं आणि नाकात चढणारं ते तेल बनतं. गरम पाणी घातलं की विकर मरतं, आधीच व्हिनेगर घातलं तर ते मंदावतं. म्हणून आधी थंड पाणी, मग दहा मिनिटांनी दोन चमचे व्हिनेगर, मीठ आणि साखरेची चिमूट. ताडीचं व्हिनेगर घरात असेल तर तेच, आमच्याकडं असतंच. ही फेसलेली मोहरी काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये आठवडाभर आरामात टिकते. पहिल्या दिवशी जरा कडसर लागते, दुसऱ्या दिवशी बसते.

दुसरा हात सायीला. पुस्तकात लिहिलेलं सावर क्रीम विरारला शोधत बसू नका. डेअरीत जाऊन श्रीखंडाचा चक्का मागा. म्हशीच्या दुधाचा, साखर न घातलेला. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळं त्याचा चक्का आंबट, घट्ट आणि स्निग्ध. स्मेतानामध्ये साधारण वीस टक्के किंवा त्याहून जास्त स्निग्धांश. ती कसर भरून काढायला चक्क्यात घरची साय घोटायची किंवा खोक्यातलं फ्रेश क्रीम घालायचं, त्यात पंचवीस टक्के असतो. अर्धी वाटी चक्का, पाव वाटी साय, चमच्यानं गुठळी मोडेपर्यंत फेटून. नुसतं दही का नाही? फाटतं. आंबट झालेल्या दुधातली प्रथिनं आधीच एकमेकांना धरून असतात, उकळी बसली की आणखी आवळतात आणि पाणी बाहेर टाकतात. स्निग्धांश आणि थोडं पीठ मधे असलं की ती तितकीशी आवळत नाहीत. तरीही चक्का उकळत्या कालवणात कधी टाकायचा नाही.

आता बुधवारची रात्र. चार माणसांना चारशे ग्रॅम अंडरकट, दोनशे ग्रॅमचं बटन मशरूमचं एक खोकं, दोन मध्यम कांदे, एक चमचा मैदा, एक पेला स्टॉक, एक चमचा टोमॅटो केचप, दीड चमचा फेसलेली मोहरी आणि तो सायीचा चक्का. कपडे बदलायच्या आधी एका शेगडीवर भाताचा कुकर लावते. तांदूळ वाडा कोलम. आपल्याच पालघर जिल्ह्यातला, जीआय मानांकन मिळालेला, बारीक आणि मऊ. बासमतीचा लांब, सुटा दाणा या रशापुढं ताठ राहतो. कोलम तो रस पिऊन घेतो. 

दुसऱ्या शेगडीवर बिडाची कढई, रिकामीच, मोठ्या आचेवर. ती तापेपर्यंत मांसाचे काप सुती फडक्यानं टिपून कोरडे करायचे. हे टाळू नका. मांस खमंग, तपकिरी होतं ते साधारण १४० अंशांच्या पुढं; कढईत पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या वर जात नाही आणि मांस भाजायच्या ऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकडतं. म्हणून कापडानं टिपायचं, आणि म्हणूनच कढईत गर्दी करायची नाही. दोन वेळा मिळून भाजायचं. एक चमचा तेल, धूर निघायला लागला की निम्मे काप पसरून टाकायचे आणि हात आवरायचा. एक मिनिट हलवायचंच नाही. मग उलटायचे, अर्धा मिनिट, आणि लगेच ताटलीत. आतून गुलाबी राहिले तरी चालतील, पुढं रशात पुन्हा जाणारच आहेत. दुसरा घाणा तसाच. मीठ आणि भरडलेली मिरी आता भुरभुरवायची, आधी नाही. आधी मीठ लावलं की पाणी सुटतं. आमच्या आईचा आक्षेप इथंच असतो : "दीड मिनिटात कुठं बीफ शिजतं का?" अंडरकट शिजतं. जास्त ठेवलं तरच चिवट होतं. मांडीचं मांस तासभर शिजवलं की मऊ पडतं, कारण त्यातला चिवट भाग विरघळायला तेवढा वेळ लागतो. अंडरकटमध्ये तो भाग जवळजवळ नसतोच, त्यामुळं वाट बघून हाती काही येत नाही, रस तेवढा उडून जातो.

कढईच्या तळाला तपकिरी थर चिकटलेला असेल. तो धुऊ नका, सगळी चव तिथंच आहे. आच मध्यम करून एक चमचा लोणी, त्यावर उभा चिरलेला कांदा. कांद्याला पाणी सुटतं तसा तो थर खरवडून निघतो. कांदा लाल करायचा नाही, नरम झाला की पुरे, चारेक मिनिटं. मग मशरूमचे काप आणि आच पुन्हा मोठी. मशरूम पाण्यात भिजत ठेवायचे नसतात, ओल्या फडक्यानं पुसायचे. आधी ते चुरचुरतात, मग पाणी सोडतात, मग ते पाणी आटतं आणि कडा सोनेरी होतात. या तिसऱ्या टप्प्यापर्यंत थांबलं नाही तर कालवण पांचट होतं. 

पावसाळ्यात विरार-वसईच्या बाजारात आदिवासी बायका रानातली अळंबी घेऊन बसतात, तेव्हा काही जणींना ती स्ट्रोगनॉफमध्ये घालायची हुक्की येते. माझं स्पष्ट मत : नको. ती थोडेच दिवस येते, महाग असते, आणि तिची चव क्रीममध्ये बुडून जाते. तिला कांदा, हळद, ओलं खोबरं एवढंच द्यावं आणि तांदळाच्या भाकरीशी खावं. इथं बटन मशरूमच बरे.

मशरूम झाले की मैदा भुरभुरवून मिनिटभर परतायचा, केचप घालायचं आणि स्टॉक थोडा थोडा ओतत ढवळायचं. तीन-चार मिनिटांत रस चमच्याच्या पाठीवर चिकटेल इतका दाट होतो. आता गॅस बंद. खरंच बंद, बारीक नाही. कढईतला दोन डाव गरम रस चक्क्याच्या वाटीत घालून सारखा करायचा, म्हणजे चक्क्याला एकदम चटका बसत नाही, आणि मग ते सगळं कढईत. त्यानंतर फेसलेली मोहरी. उष्णतेनं तिचा ठसका उडून जातो म्हणून ती शेवटी. आणि सगळ्यात शेवटी भाजलेले काप, ताटलीत साठलेल्या लाल रसासकट. बिडाच्या कढईत इतकी धग असते की दोन मिनिटं झाकून ठेवलं तरी काप पुरेसे तापतात. चव बघा. मीठ, मिरी, हवा तर लिंबाचा थेंब. गरम मसाला, लसूण, धणेपूड काही नको. हात शिवशिवतो, मलाही कळतं. पण मोहरी, मिरी आणि आंबट साय यांचंच हे जेवण आहे. मुलगा वर चिली फ्लेक्स टाकतो. त्याला मी बघत नाही.

वर बटाट्याची सल्ली. १९१२ च्या रशियन पुस्तकात आहे, ब्राझीलच्या ताटात आहे, आणि आपल्याकडं पारशी लोक सल्ली बोटीवर हेच करतात. आपल्या फरसाणच्या दुकानात उपासाच्या पदार्थांच्या फळीवर तीच सल्ली पाकिटात मिळते. उपासाची वस्तू बीफवर पडते याची मला गंमत वाटते, सासूबाईंना वाटत नाही. त्या सल्ली वेगळ्या वाटीत घेतात. साधी, खारी घ्या. साखर, शेंगदाणे आणि बेदाणे घातलेला चिवडा आणू नका.

सव्वाआठला आले तर पावणेनऊला पान वाढलेलं असतं. धुवायला एक कढई, एक कुकर, एक ताटली.

आमच्या इमारतीत सगळ्या प्रकारची घरं आहेत. कोण काय खातं हे जिन्यातल्या वासावरून सगळ्यांना ठाऊक असतं, आणि इतक्या वर्षांत त्यावरून कुणी दार वाजवलेलं नाही. समोरच्या वहिनी शाकाहारी. त्यांनी कृती विचारली तेव्हा मी मांसाच्या जागी मशरूम दुप्पट सांगितले : दोन खोकी, निम्मे काप आणि निम्मे अर्धे करून, स्टॉकच्या ऐवजी मशरूमच्या देठांचं उकळलेलं पाणी. बाकी सगळं तसंच. मुंबईच्या हॉटेलांत पनीर स्ट्रोगनॉफही मिळतं, पण साय, चक्का आणि वर पनीर म्हणजे दुधात दूध; मशरूमच चांगले लागतात. चिकनचं करायचं तर छातीचे काप नकोत, पटकन कोरडे पडतात. मांडीचं बोनलेस घ्या, आणि ते मात्र आतपर्यंत पूर्ण शिजवा. चिकनला गुलाबी चालत नाही. उपवासकाळात शुक्रवारी आमच्याकडंही वहिनींचंच स्ट्रोगनॉफ होतं.

शेवटचं एक. उरलं तर दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या डब्यात नेऊ नका. मायक्रोवेव्हमध्ये चक्का फाटतो, मांस रबर होतं आणि तुम्ही हा पदार्थ पुन्हा करणार नाही. सकाळी कढईत दोन चमचे पाणी घालून अगदी मंद आचेवर कोमट करा, कडक पाव मधून कापून त्यात भरा, वर उरलेली सल्ली दाबा आणि सातची लोकल पकडायच्या आधी घरीच खाऊन घ्या.